आर्माचा चढ सहा मीटरमध्ये : ठाण्यात भाड्यानं मिळणाऱ्या ब्रेक-मॉडेलचं परीक्षण

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपनं बनवलेलं हे चालतं मॉडेल ठाणे, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या शाळांना आणि सोसायट्यांना दिवसाच्या भाड्यानं मिळतं. दोन प्लायवूडच्या पेट्या, वजन मिळून ३८ किलो. आत सहा मीटर रूळ, दोन इंजिनं, अठरा डबे, एक हातपंप, दोन सिग्नल केबिन, स्प्रिंगचा काटा आणि २४ पानी मराठी पुस्तिका. भाडं दिवसाला २,२०० रुपये, अनामत ६,०००, टेम्पोचा खर्च वेगळा. विषय एकच : १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ झालेला रेल्वे अपघात आणि त्यातून रेल्वेनं घेतलेले धडे.

ज्यांना फक्त निकाल हवा त्यांच्यासाठी : ब्रेकचा भाग अप्रतिम आहे, त्यासाठी पूर्ण भाडं वसूल होतं. ब्लॉकचा, म्हणजे रुळाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडण्याच्या पद्धतीचा, भाग अर्धवट आहे, पण तीनेकशे रुपयांत दुरुस्त होतो. पुस्तिका मात्र दोन ठिकाणी सुधारल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नये.

आधी घटना, कारण मॉडेलचा प्रत्येक सुटा भाग तिच्यातून आलेला आहे. आर्माहून समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळेतल्या (संडे स्कूल) मुलांची सहल निघाली होती. सोबत आईवडील, शिक्षक, गावकरी, सगळे मिळून सुमारे ९४० जण. ड्रायव्हर तेरा डब्यांच्या हिशेबानं आला होता, गर्दी पाहून गाडीला पंधरा डबे लागले. त्यावर त्यानं हरकत घेतली, पण ती चालली नाही. स्टेशन सोडल्यावर तीन मैल चढच चढ, सर्वांत तीव्र ठिकाणी १:७५. माथा अगदी जवळ आला असताना इंजिन दमलं आणि गाडी उभी राहिली. गाडीबरोबर असलेल्या अधिकाऱ्यानं ठरवलं की गाडी तोडायची, पुढचे पाच डबे घेऊन इंजिननं माथ्यापलीकडच्या स्टेशनवर जायचं, ते ठेवून परत यायचं आणि उरलेले दहा न्यायचे.

गाडीला ब्रेक होता, तोही संपूर्ण गाडीभर लागणारा. पण तो साधा व्हॅक्यूम ब्रेक होता. इंजिन नळीतली हवा खेचून घेई, त्या ओढीनं प्रत्येक डब्याचे ब्रेक चाकाला लागत. गाडी तोडली, नळी सुटली, नळीत हवा शिरली आणि मागच्या दहा डब्यांचा ब्रेक त्याच क्षणी संपला. उरला तो शेवटच्या व्हॅनमधला गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. पुढचा भाग निघताना फूट-दीड फूट मागे सरकला, मागच्या डब्यांना धक्का बसला, दगड चिरडले आणि दहा डबे उतारावर मागे धावत सुटले. सुमारे दीड मैल. त्याच रुळावरून वेळापत्रकातली नेहमीची गाडी वर येत होती. ८० माणसं गेली, सुमारे २६० जखमी झाली. त्यांत मुलं फार होती.

आता मॉडेल. सहा मीटर रूळ म्हणजे १.२ मीटरचे पाच तुकडे, खाली लाकडी पाचरी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढ बरोबर आठ सेंटीमीटर, म्हणजे १:७५. नुसत्या डोळ्यांना हा चढ दिसतच नाही, आणि हीच मॉडेलची पहिली ताकद. मुलं वाकून रुळाच्या रेषेत बघतात आणि हा सपाटच आहे म्हणतात. मग स्प्रिंगचा काटा लावायचा. एक डबा ४०० ग्रॅमचा, दहा डबे चार किलोचे. उतार त्यांना खाली ओढतो ते बळ ४,००० भागिले ७५, म्हणजे जेमतेम ५३ ग्रॅम. त्यातले वीसेक ग्रॅम चाकांच्या घर्षणात जातात. उरलेल्या तीस-पस्तीस ग्रॅमवर सगळा प्रकार घडतो. खऱ्या गाडीतही हिशेब तोच : टनामागे तेरा किलोची ओढ. शंभर टनांचे डबे धरले तर तेराशे किलो. उभ्या डब्यांना रोखायला एवढं बळ फार वाटत नाही, म्हणून तर दगडांवर भरवसा ठेवला गेला.

इथंच मांडणीतली सगळ्यांत मोठी चूक होते. तीस ग्रॅमचा खेळ असल्यामुळे फरशीची पातळी चुकली की मॉडेल चालत नाही. वर्गखोलीची फरशी बहुतेक वेळा ठीक असते, पण व्हरांडा, पॅसेज आणि गच्ची यांना पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम १:१०० च्या आसपास ढाळ दिलेला असतो. तो ढाळ उलट दिशेनं आला तर तुमचा १:७५ चा चढ १:३०० होऊन बसतो आणि सोडलेले डबे जागचे हलत नाहीत. त्याच दिशेनं आला तर १:४३ होतो आणि डबे इतके जोरात जातात की रुळावरून उतरतात. पेटीत दिलेली छोटी बबल लेव्हल एवढा फरक दाखवू शकत नाही. प्लंबर वापरतात ती पारदर्शक नळी, आठ मीटर, पाणी भरून दोन्ही टोकांना धरा. रुळाच्या दोन टोकांमधला फरक ८ सेंटीमीटर येईपर्यंत पाचरी सरकवा. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, सेंटीमीटर चालत नाही. खोली निदान एकवीस फूट लांब हवी. नाहीतर रूळ तिरके, कोपऱ्यातून कोपऱ्यात टाकावे लागतात.

डब्यांच्या चाकांना बॉल बेअरिंग आहेत. मागच्या ठिकाणाहून परत आलेल्या संचात त्यांत धूळ असतेच. प्रत्येक डबा उलटा धरून चाकाला टिचकी मारा. चार-पाच सेकंद फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल तेल कुणीही घालू नये, थंडीत ते घट्ट होतं आणि बेअरिंग कायमचं जड होऊन बसतं. दोन माणसांना मांडणीला पन्नास मिनिटं आणि तपासणीला वीस मिनिटं लागतात. पुस्तिकेत लिहिलेल्या अर्ध्या तासात हे होत नाही.

ब्रेकचा संच या मॉडेलचा जीव आहे. प्रत्येक डब्याखाली इंजेक्शनच्या पिचकारीसारखा एक छोटा सिलिंडर, त्याच्या दांड्याला रबरी ठोकळा, आणि इंजिनपासून शेवटपर्यंत जाणारी सिलिकॉनची नळी. हातपंपानं नळीतली हवा खेचायची, पंपावरच्या घड्याळात पाऱ्याचे मिलिमीटर दिसतात. प्रत्येक डब्यात एक पितळी खुंटी आहे, ती अ किंवा ब छिद्रात बसते. अ मध्ये असेल तर हवा खेचल्यावर ब्रेक लागतो : हा आर्माचा साधा ब्रेक. ब मध्ये असेल तर उलटं. स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि हवा खेचल्यावर तो सुटतो : हा स्वयंचलित ब्रेक. सहलीच्या गाडीचे डबे पंधरा, खुंट्या पंधरा, आणि एवढ्या एका बदलात सगळा इतिहास पालटतो. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मनापासून दाद.

प्रयोग असा करा. सगळ्या खुंट्या अ मध्ये. इंजिन पंधरा डबे घेऊन चढू लागलं की विजेचं बटण हळूहळू कमी करत गाडी माथ्याजवळ उभी करा. पंप मारून ब्रेक लावा. गाडी ठाम उभी राहते, हे मुलांना हात लावून पाहू द्या. मग पाचव्या आणि सहाव्या डब्यातली कपलिंग काढा, नळी सोडा. सुस्स असा बारीक आवाज येतो आणि मागच्या दहाही डब्यांचे ठोकळे एकदम चाकापासून दूर होतात. तो आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणून त्या क्षणी बोलू नका. यानंतर शेवटच्या डब्याच्या हातब्रेकची मळसूत्री घुंडी तीन फेरे आवळलेली असेल तर डबे थांबून राहतात, पण जेमतेम. आता पुढच्या पाच डब्यांना एक सेंटीमीटर मागे येऊ द्या. डब्यांच्या मापाच्या हिशेबात हा सेंटीमीटर म्हणजे आर्माचा तो फूट-दीड फूट. टक्कर हलकीच लागते, आणि हातब्रेकचा ठोकळा घसरतो. साडेसहा सेकंदांत डबे खालच्या टोकाला पोचतात.

दगडांसाठी संचात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या फार टणक आहेत. डबे त्यांवर अडकून बसतात, चिरडत नाहीत, आणि मुलं घरी जाताना चुकीचा निष्कर्ष घेऊन जातात की दगड नीट लावले असते तर चाललं असतं. त्याऐवजी कुरमुरे वापरा. तीन-चार चाकांखाली एकेक दाणा. उभे डबे त्यावर छान थांबतात, आणि धक्का बसला की दाणा चिरडून चाक पलीकडे जातं. स्थिर वजन रोखणं आणि धक्का सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुरमुऱ्याच्या एका दाण्यानं जितकं स्पष्ट होतं तितकं फळ्यावर होत नाही. दमट दिवसांत ते सादळतात आणि चिरडण्याऐवजी चेपतात, म्हणून पाकीट ऐनवेळी फोडा.

मग खुंट्या ब मध्ये बदला आणि तेच सगळं पुन्हा. पंप मारल्यावर ब्रेक सुटतात, गाडी चढते, थांबते. नळी सोडताच पुढच्या आणि मागच्या, दोन्ही भागांचे ठोकळे चाकांना चिकटतात. आता हातब्रेक सैल सोडा, कुरमुरे काढा, वरून बोटानं ढकला. डबे हलत नाहीत. पुढे जाऊन एक-एक खुंटी मुद्दाम अ मध्ये टाकत जा, म्हणजे त्या डब्याचा ब्रेक नादुरुस्त झाला असं धरायचं. तीन डब्यांचे ब्रेक चालू असले तरी दहाच्या दहा उभे राहतात. दोनवर कधी थांबतात, कधी सरकतात. हा आकडा मुलांनाच शोधू द्या, पुस्तिकेत तो नाही हे बरंच आहे.

एक तांत्रिक फरक शिक्षकांना ठाऊक असावा. मॉडेलमध्ये स्प्रिंग ब्रेक लावते. खऱ्या स्वयंचलित व्हॅक्यूम ब्रेकमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात राखलेला असतो. नळी तुटली की खालच्या बाजूला हवा शिरते, वरच्या बाजूचा निर्वात झडपेमुळे टिकून राहतो आणि हवेचा दाबच दट्ट्या वर उचलून ब्रेक लावतो. आपल्याकडच्या गाड्यांवर हाच ब्रेक कित्येक दशकं होता. आजच्या लोकलमध्ये आणि एक्सप्रेसमध्ये दाबाच्या हवेचा ब्रेक असतो : ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो दाब राखला तर ब्रेक सुटलेले, दाब गेला की लागलेले. अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसनं हा स्वयंचलित प्रकार १८७२ मध्येच आणला होता. म्हणजे आर्माच्या वेळी उपाय सतरा वर्षं जुना होता. तो हुशारीअभावी अडला नव्हता, सक्तीअभावी अडला होता. व्यापार मंडळाचे, म्हणजे रेल्वेवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याचे (बोर्ड ऑफ ट्रेड), निरीक्षक वर्षानुवर्षं शिफारस करत होते, पण कंपन्यांवर ती बंधनकारक नव्हती.

नळीची गळती हा नेहमीचा त्रास. सुरुवातीला पंप २५० मिलिमीटरपर्यंत न्या आणि तीस सेकंद थांबा. काटा ५० पेक्षा जास्त पडला तर कुठंतरी गळतंय. बहुतेक वेळा डब्याखालच्या टी-जोडात. नळीचं टोक पाच मिलिमीटर कापून पुन्हा बसवलं की काम होतं. फेविक्विक लावू नका, जोड कडक होऊन पुढच्या वाकणाला तुटतो. गंमत अशी की अ च्या मांडणीत गळती असेल तर ब्रेक नीट लागत नाही आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ब च्या मांडणीत तीच गळती असेल तर गाडी निघतच नाही, आणि सगळ्यांच्या लक्षात येतं. दोन्ही पद्धतींतला खरा फरक एवढाच आहे, आणि तो दाखवायला एक मुद्दाम भोक पाडलेला नळीचा तुकडा संचात असायला हवा होता. तो आपणच करून ठेवावा : जुनी नळी, त्यात शिवणाच्या सुईचं एक छिद्र.

आता एक गंभीर हरकत. संचात खालच्या टोकाला उभी करायला दुसरी गाडी दिली आहे, इंजिन आणि तीन डबे, म्हणजे टक्कर घडते. टक्कर झाली की मुलं टाळ्या वाजवतात. त्यात मुलांचा दोष नाही, खेळण्यातली टक्कर बघून टाळ्याच येतात. पण इथं ज्या डब्यांबद्दल आपण बोलतो त्यांत मुलं बसली होती, आणि तिकीट नसलेल्यांनी चढू नये म्हणून डब्यांची दारं कुलूपबंद होती. दुसरी गाडी पेटीतच ठेवा. खालच्या टोकाला फोमचा जाड तुकडा लावा. डबे त्यावर शांतपणे थांबू द्या आणि मग आकडे सांगा. डबे किती वेगानं गेले असतील हेही मॉडेलवरून सांगू नका. या मापात तो दीड मैल पन्नास मीटरहून लांब होईल, आणि आपल्याकडे दोन मीटरही धाव नाही.

ब्लॉकच्या भागाकडे येऊ. आर्माच्या मार्गावर दोन गाड्यांमध्ये अंतर राखलं जाई ते वेळेचं. पहिली गेल्यावर ठरावीक मिनिटं थांबायचं आणि दुसरी सोडायची. पहिली पुढच्या स्टेशनला पोचली की वाटेत अडकली, हे कुणी विचारायचं नाही, विचारायची सोयच नव्हती. मॉडेलमध्ये यासाठी दोन केबिन, दोन घंट्या आणि तीन स्थितींची दोन यंत्रं दिली आहेत : लाइन बंद, लाइन क्लिअर, गाडी सेक्शनमध्ये (सेक्शन म्हणजे दोन केबिनमधला रूळ). घंटीचा आवाज स्वच्छ, सुया ठळक. दिसायला सगळं छान. पण यंत्राचा आणि रुळाचा काही संबंधच जोडलेला नाही. पुढच्या केबिननं लाइन क्लिअर दिलं नाही तरी मागची केबिन सिग्नल पाडते आणि गाडी जाते. म्हणजे मुलांनी नियम पाळला तर सुरक्षित, नाही पाळला तर नाही. आर्मानंतर ब्रिटनमध्ये झालेल्या १८८९ च्या रेल्वे कायद्याचा मुद्दा याच्या नेमका उलट होता.

दुरुस्ती सोपी आहे. लागतं ते असं : दोन पोलचा पाच व्होल्टचा एक रिले, दोन मायक्रोस्विच, चार मीटर वायर, जुना मोबाइल चार्जर आणि प्लास्टिकचा एक रूळ-जोड. सेक्शनच्या सुरुवातीचे ६० सेंटीमीटर रूळ एका बाजूनं वेगळे काढा, म्हणजे धातूचा जोड काढून प्लास्टिकचा घाला. या तुकड्याची वीज रिलेच्या अशा संपर्कातून न्या जो रिले ओढला गेल्यावरच जुळतो. पुढच्या केबिनच्या यंत्राखाली एक मायक्रोस्विच असा बसवा की सुई लाइन क्लिअरकडे जाताना तो क्षणभर दाबला जाईल. रिले ओढला जातो आणि आपल्याच दुसऱ्या पोलमधून स्वतःला धरून ठेवतो. दुसरा मायक्रोस्विच रुळाशेजारी, त्या ६० सेंटीमीटरच्या लगेच पुढे. इंजिनचं चाक त्यावरून गेलं की रिलेची धरण तुटते आणि मागच्या तुकड्याची वीज जाते. एक परवानगी, एक गाडी. दुसरीसाठी सुई पुन्हा बंदवर आणून पुन्हा विचारावं लागतं.

संपर्क निवडताना काळजी घ्या. दुकानात मिळणाऱ्या रिलेला दोन्ही प्रकारचे संपर्क असतात. संपर्क उलटा घेऊन दोन्ही मायक्रोस्विचांची कामं अदलाबदल केलीत, तरी मॉडेल पहिल्या दिवशी अगदी बरोबर चालेल. फरक कळेल तो वायर तुटल्यावर. बरोबर जोडलेल्या मांडणीत वायर तुटली, चार्जर निघाला, काहीही झालं तरी गाडी थांबते. उलट्या मांडणीत गाडी सुटते. खुंट्या अ आणि ब चाच हा विजेतला अवतार आहे, आणि मोठ्या मुलांना दोन्ही जोडण्या करायला लावून वायर उपटून दाखवावी.

गाडी पूर्ण आली का, हा प्रश्न उरतोच. पुढच्या केबिननं इंजिन पाहिलं आणि सेक्शन मोकळा म्हणून कळवलं, तर आर्मासारखे दहा डबे मागेच राहिलेले असू शकतात. आपल्या एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली आणि एल.व्ही. (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) अशी पाटी असते ती याचसाठी. ती दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं धरायचं नाही. मॉडेलच्या शेवटच्या डब्यावर अशी पाटी नाही. पिवळ्या टेपनं फुली मारा, काम झालं. त्याहून चांगला प्रयोग आस मोजण्याचा : इंजिनचे तीन, पंधरा डब्यांचे दोन-दोन, सेक्शनमध्ये गेले ३३. गाडी तोडून पुढचा भाग बाहेर काढला तर बाहेर आले १३. उरले २०. आजचे अॅक्सल काउंटर हाच हिशेब ठेवतात, आणि वीस शिल्लक असेपर्यंत सेक्शन मोकळा दाखवत नाहीत. दोन मुलं, दोन वह्या, एवढ्यावर हे जमतं.

गाडी सेक्शनमध्ये अडकली तर मागून येणाऱ्याला सावध करण्याचा नियमही याच जागी सांगावा. आपल्याकडे ब्लॉक सेक्शनमध्ये ब्रॉडगेजवर गार्डनं मागे चालत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतरानं तीन डिटोनेटर (चाकाखाली आल्यावर मोठा आवाज करणारे फटाके) रुळावर लावायचे असतात. मुलांना ते अंतर कळत नाही. ठाणे स्टेशनवरून तलावपाळीच्या दिशेनं चालत जायला किती वेळ लागतो ते विचारा, लगेच कळतं.

पुस्तिकेत आर्माबरोबर आणखी दोन घटना आहेत. इंग्लंडमधला क्लेटन बोगदा, २५ ऑगस्ट १८६१, हा भाग चांगला लिहिलाय. ब्रायटनहून लागोपाठ तीन गाड्या सुटल्या, आठ वाजून अठ्ठावीस, एकतीस आणि पस्तीस मिनिटांनी, खरं तर पाच मिनिटांचं अंतर राखायचा नियम होता. पहिली गाडी गेल्यावर सिग्नल आपोआप धोक्यावर यायचा तो आला नाही. सिग्नलमननं दुसऱ्या गाडीला घाईनं लाल बावटा दाखवला, ड्रायव्हरनं तो ओझरता पाहिला आणि बोगद्यात जाऊन गाडी थांबवली, मागे घ्यायला लागला. इकडे सिग्नलमननं तारेवर विचारलं, बोगदा मोकळा आहे का. पलीकडून होकार आला, पण तो पहिल्या गाडीबद्दलचा होता. तिसरी गाडी सोडली गेली. २३ मृत्यू, १७६ जखमी. सिग्नलमन सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता, आठवड्याची एक सुट्टी पूर्ण मिळावी म्हणून. दोन्ही केबिनना मुलं बसवून हा प्रसंग करता येतो, आणि यंत्रावर गाडी सेक्शनमध्ये अशी स्थिती का लागते ते त्यातून आपोआप उलगडतं. तिसरी घटना इंग्लंडमधल्याच अॅबट्स रिप्टनची, २१ जानेवारी १८७६. बर्फानं सिग्नलचा हात खाली, म्हणजे जा या स्थितीत गोठला. तेव्हापासून सिग्नलची मूळ स्थिती धोक्याची ठेवायची पद्धत रुजली. एवढंच पुरे.

दोन दुरुस्त्या मात्र कराव्याच लागतील. नऊव्या पानावर कायदा पुढच्या वर्षी झाला असं छापलंय. तसं नाही. तो त्याच वर्षी, ३० ऑगस्ट १८८९ ला झाला, अपघातानंतर तीन महिनेही पुरे झाले नव्हते. प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत, सांधे आणि सिग्नल यांचं इंटरलॉकिंग (सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल मिळू न देणारी जोडणी) आणि स्वयंचलित अखंड ब्रेक, हे तिन्ही सक्तीचे करण्याचा अधिकार त्यानं व्यापार मंडळाला दिला. दुसरी चूक जास्त बोचते. अकराव्या पानावर एका ओळीत सगळा दोष ड्रायव्हरवर टाकलाय. ज्यानं जास्तीच्या डब्यांना हरकत घेतली होती त्याच्याच नावावर अपघात लिहिणं अन्याय्य आहे, आणि मुलांना तपास कसा करायचा ते चुकीचं शिकवणारं आहे. गाडी तोडायचा निर्णय ज्यानं घेतला त्या अधिकाऱ्यावरही खटला झाला आणि अखेर तो निर्दोष सुटला. चौकशी मेजर-जनरल हचिन्सन यांनी केली, ते व्यापार मंडळाचे होते, रेल्वे कंपनीचे नव्हते. आपल्याकडेही रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. तपास करणारा बाहेरचा असावा हे पुस्तिकेत एका वाक्यात तरी यायला हवं होतं.

इंटरलॉकिंगची चार खटक्यांची फ्रेम उत्तम घडवलेली आहे. सांधा अर्धवट असताना सिग्नलचा खटका हलत नाही, जोर लावला तरी नाही. इंग्लंडमधल्या जॉन सॅक्सबीनं अशा जोडणीचं पेटंट घेतलं १८५६ मध्ये, पुस्तिकेत ते बरोबर दिलंय. तिच्याबद्दल तक्रार नाही.

ठाण्याच्या मुलांसाठी एक जोड सुचवावीशी वाटते. १६ एप्रिल १८५३ ही तारीख इथल्या पोराटोरांना पाठ असते. बोरीबंदरहून आलेल्या त्या गाडीच्या काळात सबंध गाडीला एकत्र ब्रेक लावायची सोय जगात रूढ झालेलीच नव्हती, हातब्रेकवरच भिस्त असे. आणि आपल्या बोरघाटाचा चढ आर्माच्या दुप्पट, १:३७. मॉडेलवर तो करता येतो : सहा मीटरला १६.२ सेंटीमीटर उंची. पेटीतल्या पाचरी पुरत नाहीत, टोकाला दोन विटा लागतात. बारा डब्यांपुढे इंजिनची चाकं घसरायला लागतात. मग पेटीत ठेवलेलं दुसरं इंजिन काढा आणि मागून लावा, कर्जतहून लोणावळ्याला जाताना बँकर लावतात तसं. या चढावर अ खुंट्यांचा प्रयोग करू नका. डबे फोमला आपटून पिचकाऱ्यांचे दांडे वाकतात, आणि त्याचे पैसे अनामतीतून कापले जातात.

शाळेनं घेताना एका दिवसात चार तुकड्या धराव्या, एका वेळी पंचवीस मुलं, प्रत्येकी पन्नास मिनिटं. सोसायटीच्या हॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी मोठी माणसंही थांबतात, तेव्हा काट्याचा आणि गळतीचा भाग वाढवा. सातवीच्या खालच्या वर्गांना ब्लॉक नको, फक्त नळी आणि कुरमुरे. ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. पावसाळ्यात रुळाखालचं प्लायवूड फुगतं आणि आठ सेंटीमीटरचा हिशेब रोज बदलतो.

परत देताना पंधराही खुंट्या अ मध्ये आहेत का ते मोजा. ब मध्ये राहिल्या तर स्प्रिंग दिवसेंदिवस दाबलेल्या राहतात, सैल पडतात, आणि पुढच्या शाळेत नळी सोडल्यावर डबे थांबत नाहीत. पातळीच्या नळीतलं पाणी आणि पंपातली हवा काढून टाका, कुरमुऱ्यांचा भुगा रुळाच्या खाचेतून ब्रशनं झाडा. पेटीच्या झाकणावर आतून एक तक्ता चिकटवलेला आहे, त्यावर कोणत्या डब्याचा ब्रेक कमी लागतो ते पेन्सिलीनं लिहून ठेवा.